सारथ्याची झोप

पहाटे म्हापशाच्या वा मडगावच्या बाजारात भाजीची जुडी हाती घेणाऱ्या गृहिणीला ती भाजी बेळगावहून आली हे ठाऊक असते. ती कोणाच्या झोपेच्या मोलाने आली, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. नाशिकचा कांदा, मोरबीच्या फरश्या, परराज्यांतील मासळी हे सारे आपल्या दारी पोहोचते ते रात्रीमागून रात्र जागणाऱ्या ट्रकचालकाच्या हातून. त्याची आठवण आपणांस दोनच प्रसंगी होते : माल वेळेवर आला नाही म्हणजे, किंवा रस्त्यावर अपघात घडला म्हणजे.

अनमोडचा घाट भरल्या गाडीने उतरणे हे कसबाचे काम आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये आवरून धरावी लागते; ब्रेकवर सतत पाय ठेवला तर तो तापून निकामी होण्याचे भय. पावसाळ्यात धुके आणि वळणावर समोरून चढणारी वाहने. अशा ठिकाणी डोळ्यांवर क्षणभर झापड आली तरी ती प्राणावर बेतते. आणि दूरच्या प्रांतातून निघालेला चालक या वळणांवर येतो तो बहुधा शेकडो मैलांचा रस्ता मागे टाकून, थकलेल्या शरीराने आणि तांबारलेल्या डोळ्यांनी.

तो वाटेत थांबत का नाही, असे विचारणे सोपे आहे. पण त्याची कमाई बहुतेक ठिकाणी फेरीवर ठरते, तासांवर नव्हे. कारखान्याच्या फाटकाबाहेर माल भरण्यासाठी वा उतरविण्यासाठी अर्धा दिवस ताटकळत गेला तर त्या वेळेचे मोल त्याला कोणी देत नाही. गेलेला वेळ त्याने रस्त्यावर भरून काढावा, अशीच सर्वांची अपेक्षा असते. मालकाला बँकेचा हप्ता फेडायचा असतो, व्यापाऱ्याला बाजाराची वेळ गाठायची असते. प्रत्येकाची घाई खाली खाली सरकत जाते आणि अखेरीस चालकाच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरवर येऊन थांबते.

कायदा नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांनाच. दोन-तीन गाड्यांचा धनी त्यातून सहज निसटत असे. शिवाय ठाण्यावर नुसते हजर राहण्याचा काळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तर तो कामाच्या तासांत धरावा, अशी त्या कायद्याची व्याख्या होती. मग फाटकाबाहेरच्या सहा तासांचे काय? २०२० साली संमत होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन झाला, पण संहितेने पाचाची अट सैल करण्याऐवजी दहावर नेली. ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, तेच कुंपणाबाहेर राहिले.

शिक्षेच्या बाबतीत मात्र सरकारचा हात आखडता नव्हता. अपघातात मृत्यू घडवून, खबर न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास, अशी तरतूद भारतीय न्यायसंहितेत केली गेली. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी चाके थांबविली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. अखेर १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ही तरतूद बाजूला ठेवण्यात आली. जखमीला रस्त्यात टाकून पळणे हा अपराधच आहे. त्याची भलावण आम्ही करणार नाही. पण चालक पळतो तो पुष्कळदा जमावाच्या भयाने. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही जमावाच्या प्रक्षोभामुळे जखमीस मदत करणे अशक्य होऊ शकते, हे मान्य केले आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. तो आकडा केवळ तुरुंगाच्या धाकाने खाली येईल काय?

चालकाला विश्रांती देऊनही माल पोहोचविता येतो, याचा धडा आपल्या दारातच आहे. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा अशी भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर वाहून नेणारी सेवा सुरू केली. ट्रक वाघिणीवर चढतो आणि त्याच्याबरोबर प्रवास करणाऱ्या चालकाला घाट व वळणे टळून पाठ टेकता येते. इंधन वाचते, रस्ता मोकळा होतो आणि माणूस ताजातवाना उतरतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींच्या चालककक्षाला वातानुकूलन सक्तीचे झाले, हेही स्वागतार्हच. परंतु गारव्याने झोपेचे देणे फिटत नाही. आणि जुन्या गाड्यांचे चालक तर अजूनही इंजिनाच्या धगीतच बसले आहेत.

मागणी अवाजवी नाही. घाटमाथा कर्नाटकात आहे, पायथा गोव्यात. दोन्ही सरकारांनी मिळून वर रामनगरच्या बाजूस आणि खाली मोलेचे अभयारण्य ओलांडल्यावर धारबांदोड्याच्या परिसरात ट्रक उभे करण्यास सुरक्षित जागा, स्नानाची सोय, स्वच्छ शौचालय आणि चार तास निर्धास्त झोपता येईल अशी खाट द्यावी. पत्रादेवी आणि पोळे येथेही तेच व्हावे. डिझेल चोरीला जाईल या भीतीने चालक गाडीतच अर्धवट डोळे मिटून पडतो. म्हणून पहारा हवाच. उद्योजकांनी फाटकाबाहेरचा ताटकळण्याचा वेळ मोजावा आणि त्याचे पैसे मोजावेत. आणि कामगारसंख्येची अट काढून, एका गाडीच्या चालकालाही कामाच्या तासांचे संरक्षण केंद्राने द्यावे.

सारथ्याचे महत्त्व भारतीय माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. ज्या समाजाने साक्षात भगवंताला सारथ्याच्या आसनावर बसलेले पाहिले, त्याला आपल्या सारथ्यासाठी एक खाट आणि चार तासांची झोप जड होऊ नये. त्या झोपेवर त्याचाच नव्हे, समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा जीव अवलंबून आहे.