डाव्या चाकाचा अंदाज

"गाडी मस्त आहे, पण अजून जजमेंट नाही आलं." छोटी गाडी विकून विजेवरची मोठी एसयूव्ही घेतलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा नवशिका नसतो. वीस-पंचवीस वर्षं त्याचा हात बसलेला असतो. तरीही नागपूरजवळच्या कन्हानच्या तारसा चौकात एका अंगाला कोळशाचा टिप्पर आणि दुसऱ्या अंगाला भाजीची हातगाडी आली की तो थबकतो. मधून गाडी निघेल की नाही, हे त्याला कळत नाही. जुन्या गाडीत असता तर हा प्रश्न त्याला पडलाही नसता, पाय आपोआप ब्रेकवर किंवा ॲक्सिलरेटरवर गेला असता.

हे जजमेंट डोळ्यांत नसतं. ते मेंदूत असतं, आणि ते कसं तयार होतं याची बरीच माहिती आता आपल्याजवळ आहे.

मेंदू आपल्या शरीराचा एक नकाशा सतत सांभाळत असतो. हात कुठे संपतो, डोकं चौकटीला लागेल का, हे आपण मोजत बसत नाही. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदुतज्ज्ञांनी १९११ मध्ये लिहून ठेवलं की हा नकाशा कातडीपाशी थांबत नाही. आपण जे वापरतो, अंगावर घालतो, तेही त्यात सामावतं. त्यांनी उदाहरण दिलं ते टोपीत पीस खोवणाऱ्या बाईचं: पिसाचं टोक कुठे आहे, हे तिला न बघता कळतं. पुढे १९९६ मध्ये जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना दाताळ्यानं लांबचा खाऊ ओढायला शिकवलं. मेंदूच्या पार्श्विका खंडातल्या काही पेशी आधी फक्त हाताजवळच्या वस्तूंना प्रतिसाद देत होत्या. दाताळं वापरल्यावर त्याच पेशी दाताळ्याच्या टोकापर्यंतच्या जागेला प्रतिसाद देऊ लागल्या. विशेष म्हणजे दाताळं नुसतं हातात धरून बसल्यानं हे झालं नाही. त्यानं काहीतरी करावं लागलं.

आता चौकातल्या फटीकडे येऊ. १९८७ मध्ये विल्यम वॉरन आणि सुझान व्हँग यांनी एक साधा पण फार बोलका प्रयोग केला. माणसांना वेगवेगळ्या रुंदीच्या फटींतून चालत जायला सांगितलं. फट खांद्यांच्या रुंदीच्या सुमारे १.३ पटीपेक्षा कमी झाली की माणसं खांदा तिरका करत. धिप्पाड माणूस असो की लहान चणीचा, पट तीच राहिली. म्हणजे मेंदू फट सेंटीमीटरमध्ये मोजत नाही, स्वतःच्या अंगाच्या मापानं मोजतो.

हा प्रयोग चालण्याचा होता, गाडीचा नव्हे. तरी हाच हिशेब गाडीला लावून पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी नागपूरइतकं चांगलं उदाहरण नाही. मे २०१७ मध्ये नागपुरात विजेवरच्या टॅक्सींचा प्रकल्प सुरू झाला. तो देशातला असा पहिला मोठा प्रयोग होता, आणि त्या ताफ्यात महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस या छोट्या मोटारी होत्या. लांबी ३.५९ मीटर, रुंदी १.५७५ मीटर. त्याच कंपनीची नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली आणि चाकणला बनणारी एक्सईव्ही ९ई घ्या: लांबी ४.७८९ मीटर, रुंदी १.९०७ मीटर. साडेसात वर्षांत विजेवरची गाडी एक मीटर वीस सेंटीमीटरनं लांब आणि तेहतीस सेंटीमीटरनं रुंद झाली.

छोट्या गाडीत १.३ पट म्हणजे सुमारे २.०५ मीटर. इतकी फट दिसली की त्या गाडीवर हात बसलेला माणूस बिनधास्त घुसतो. तीच सवय घेऊन तो मोठ्या गाडीत बसला आणि २.०५ मीटरच्या फटीत शिरला, तर दोन्ही बाजू मिळून उरतात चौदा सेंटीमीटर, म्हणजे एका बाजूला सात. आरसे या मापात धरलेले नाहीत. ते धरले तर काहीच उरत नाही. नव्या गाडीला पहिल्या दिवसांत लागणारे ओरखडे बहुधा डाव्या दारावर आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात का असतात, ते यातून कळतं. उजवी बाजू चालकाच्या अंगाजवळ असते. डावी बाजू दीड मीटर लांब, आणि नकाशात तिची जागा अजून जुन्या गाडीचीच असते.

विजेवरच्या गाड्या इतक्या मोठ्या होण्यामागे हौसेसोबत बॅटरीही आहे. एक्सईव्ही ९ईच्या मोठ्या आवृत्तीत ७९ किलोवॉट-तासांची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी असते. हे रसायन सुरक्षित आणि टिकाऊ आहे, पण जड आहे. एवढ्या बॅटरीचं वजन पाच क्विंटलच्या आसपास जातं. ती पसरायची तर पुढच्या-मागच्या चाकांमध्ये लांब सपाट जागा हवी. म्हणून चाकांमधलं अंतर वाढतं. बॅटरी फरशीखाली बसते म्हणून फरशी वर येते, फरशी वर आली म्हणून आसन वर जातं, आणि डोक्याला जागा द्यायची म्हणून छत उंच होतं. जड गाडी पेलायला रुंद टायर लागतात. एका गोष्टीनं दुसरी ओढली जाते आणि दोन टनांच्या आसपासची गाडी तयार होते.

चाकांमधलं अंतर वाढलं की वळण बदलतं, आणि हे नव्या चालकाला सगळ्यात उशिरा उमगतं. वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, आत कापतं. हे साध्या पायथागोरसनं काढता येतं. पुढचं चाक पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चाललं आहे असं धरा. जुन्या मारुती ८०० मध्ये चाकांमधलं अंतर २.१७५ मीटर होतं, तिचं मागचं चाक सुमारे ५० सेंटीमीटर आत येई. एक्सईव्ही ९ईचं हे अंतर २.७७५ मीटर आहे, तिचं मागचं चाक ८४ सेंटीमीटर आत येतं. फाटकातून डावीकडे आत घेताना पुढचा भाग व्यवस्थित सुटतो आणि मागचं दार खांबाला घासतं, ते या चौतीस सेंटीमीटरमुळे. टिप्परवाले हे अंगात मुरवून असतात. कन्हानच्या आसपासच्या कोळसा खाणींकडे वळणारा टिप्पर पाहा: तो वळणाच्या आधी उलट्या बाजूला जाऊन जागा घेतो, पुढचा भाग वळणाच्या बराच पुढे नेतो आणि मगच स्टिअरिंग कापतो. मोठी एसयूव्ही घेतलेल्या माणसानं चौकात उभं राहून तासभर हे निरखावं, असं मला मनापासून वाटतं.

मग हा नकाशा बदलायचा कसा? १९६३ मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिल्लांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. दोन पिल्लं एकाच फिरत्या दांड्याला जोडली. एक स्वतः चालत होतं, दुसरं पाळण्यात बसून त्याच्यासोबत फिरत होतं. दोघांना दिसत होतं सारखंच. पण अंतराचा आणि खोलीचा अंदाज नीट आला तो चालणाऱ्या पिल्लालाच. शेजारच्या आसनावर बसून कितीही फिरलं तरी गाडीचा अंदाज येत नाही, तो याचमुळे. मेंदूला स्वतः केलेली हालचाल लागते, तिचा परिणाम लागतो, आणि अपेक्षा व परिणाम यांत पडलेला फरक लागतो. या फरकावरच लहान मेंदू शिकतो.

म्हणून रिकाम्या मैदानात फक्कीची एक लांब रेघ मारा, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी. डावं चाक त्या रेघेवर ठेवून सरळ चालवायचा प्रयत्न करा. थांबा, खाली उतरा आणि बघा. पहिल्यांदा चाक रेघेपासून हातभर लांब असेल. पुन्हा बसा. काचेतून ती रेघ बॉनेटवरच्या कोणत्या बिंदूपाशी दिसते ते पाहा. मग पुन्हा उतरा. उतरून बघणं हाच या सरावाचा गाभा आहे, कारण फरक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मेंदूला दुरुस्तीचं कारण मिळत नाही. नंतर पुठ्ठ्याची दोन खोकी ठेवून त्यांतलं अंतर थोडं थोडं कमी करा. सोबत घरातलं कोणी असलं तर त्याला आधी उत्तर सांगू देऊ नका. "या काका, या, अजून हातभर जागा हाये," असं बाहेरून ऐकू आलं की गाडी जागेवर बसते, पण शिकतो बाहेरचा माणूस. आधी चालकानं स्वतःचा अंदाज मोठ्यानं सांगावा, मग बाहेरच्यानं खरं अंतर सांगावं.

रुंदीचा अंदाज आला तरी वेगाचा अंदाज फसवत राहतो, आणि हे जास्त धोक्याचं आहे. डोळ्यांसमोरून जमीन किती झपाट्यानं मागे सरकते, यावरून आपल्याला वेग जाणवतो. डोळा जितका उंच, तितकी जमीन सावकाश सरकल्यासारखी वाटते. छोट्या गाडीत डोळा जमिनीपासून १.१ मीटरवर आणि मोठ्या गाडीत १.४ मीटरवर धरला, तर मोठ्या गाडीतला ताशी ६० किलोमीटरचा वेग छोट्या गाडीतल्या ४७ सारखा भासतो. कॅनडातल्या संशोधक क्रिस्टिना रुडिन-ब्राउन यांनी सिम्युलेटरवर हे तपासलं. उंचावरून पाहणारे चालक नकळत जास्त वेगानं चालवत होते. त्यात विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाज नाही, आणि आवाज हाही वेगाचा एक मोठा इशारा असतो. कन्हान सोडून जबलपूरच्या दिशेनं मोकळा महामार्ग लागला की सुरुवातीला नजर वरचेवर स्पीडोमीटरवर न्यायलाच हवी. आपल्या अंगाला जे वाटतंय त्यावर काही आठवडे तरी विसंबू नये.

दुसऱ्या टोकाला अगदी हळू चालवण्याचं कसब. आपल्याकडच्या चालकांची गर्दीतली सारी कला हाफ क्लचवर उभी होती. डाव्या पायानं गाडी इंचाइंचानं सरकवता यायची. विजेच्या गाडीत क्लच नाही आणि मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते. एक्सईव्ही ९ईत तो ३८० न्यूटन-मीटर आहे. पार्किंगमध्ये उजव्या पायाचा हलका दाब जास्त झाला तर दोन टन झपकन पुढे जातात. ब्रेक सोडताच गाडी आपोआप सरकत असेल, तर अशा वेळी पाय ब्रेकवर ठेवून फक्त ब्रेक सैल करत ती सरकवण्याची सवय लावावी, ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. पार्किंगची जागा तरी कुठे मोठी झाली आहे? राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी २.५ मीटर बाय ५ मीटरची जागा धरली आहे. १.९ मीटरची गाडी तिच्या मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटीमीटर उरतात. दार उघडून म्हाताऱ्या माणसाला उतरवायचं तर आधी बाहेरच उतरवून मग गाडी आत घ्यावी लागते.

कॅमेरे आहेतच, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि चांगले आहेत. पण पडद्यावर वरून दिसणारं चित्र वरून काढलेलं नसतं. चार बाजूंच्या चार रुंद भिंगांतली दृश्यं शिवून संगणक ते तयार करतो, आणि शिवताना सगळं काही जमिनीवर सपाट पडलेलं आहे असं धरतो. जमिनीवरची पांढरी पट्टी म्हणूनच अचूक दिसते. जमिनीपासून वर असलेली वस्तू मात्र ताणली जाते आणि आहे त्यापेक्षा लांब भासते. ट्रकच्या मागे बाहेर आलेल्या लोखंडी सळया, मोटरसायकलचं हँडल, हातगाडीचा पुढे आलेला दांडा, यांचं पडद्यावरचं अंतर खरं धरू नये. बंपरमधले सेन्सर आवाजाच्या लहरी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात. एक मीटरवरच्या भिंतीवरून तो सुमारे सहा सहस्रांश सेकंदात परत येतो. बारीक खांब किंवा बुटका दगड मात्र त्यांच्या तावडीतून सुटू शकतो. कोळशाची वाहतूक असलेल्या रस्त्यावर भिंगावर काळी भुकटी बसते आणि पहिल्या पावसाच्या सरीनंतर तिचा चिखल होतो. भिंग रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसावं.

राहिलं बॉनेट. आतापर्यंतचं सारं गाडीच्या ओरखड्यांचं होतं, हे माणसांच्या जिवाचं आहे. डोळा १.४ मीटर उंचीवर आहे, बॉनेटची पुढची कड एक मीटर उंच आणि डोळ्यापासून दोन मीटर पुढे आहे असं धरा. नजरेची रेषा त्या कडेवरून जाऊन जमिनीला टेकते ती बॉनेटच्या पाच मीटर पुढे. त्याच्या अलीकडची जमीन चालकाला दिसत नाही. नव्वद सेंटीमीटर उंचीचं, म्हणजे अडीच-तीन वर्षांचं मूल गाडीच्या पुढे अर्ध्या मीटरच्या आत उभं असलं तर ते पूर्ण झाकलं जातं. उकिडवं बसून खेळणारं पोर सव्वादोन मीटरपर्यंत दिसत नाही. आणि विजेची गाडी फारसा आवाज न करता निघते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, सुमारे एक मीटरपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्यांची धडक बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त आढळली.

गाडीच्या माहितीपत्रकात लांबी, रुंदी, उंची, सामानाची जागा सगळं छापतात. समोरची किती जमीन दिसत नाही, तो आकडाही छापायला हवा. तोवर तो घरीच काढता येतो. नेहमीच्या आसनावर, नेहमीच्या उंचीवर बसा. कोणालातरी मुलाच्या उंचीची काठी घेऊन बंपरपासून पुढे चालत जायला सांगा, आणि काठीचं टोक दिसेल तिथे जमिनीवर फक्कीची खूण करून घ्या. मग हेच काठी आडवी टाकून करा. घरात गाडी चालवणारे दोघं-तिघं असतील तर प्रत्येकाची खूण वेगळी येईल, कारण बुटक्या माणसाचा डोळा खाली असतो आणि त्याच्यापुढची झाकलेली जमीन जास्त असते. ज्याची खूण सगळ्यात लांब जाईल त्यानं आसन वर घेऊन पुन्हा मोजावं.