घानातले वीकेंड: ट्रो-ट्रो, चवळी आणि कवड्यांची गोष्ट

हेडफोन लावले असतील तर उत्तम, नाहीतर वाचत वाचत चला. आजच्या भागात आपण बरंच फिरणार आहोत.

आफ्रिकेत शिकायला जाते म्हटलं की घरचे विचारतात, "तिथे कशाला?" आणि मित्र विचारतात, "सिंह बघितलास का?" मी एक सेमिस्टर घानात होते. राजधानी अक्रा, तिथे लेगॉनच्या टेकडीवर युनिव्हर्सिटी ऑफ घाना. सिंह काही भेटला नाही. पण सोमवार ते शुक्रवार वर्गात जे कळलं, त्याच्या दुप्पट शनिवार-रविवारी रस्त्यावर कळलं. त्यामुळे कुणी तिकडे निघालंच असेल, तर वीकेंड कसे आखायचे आणि त्यातला एक वीकेंड जरा वेगळ्या तयारीने का करायचा, ते आज सांगते.

आधी गाडी पकडू

घानात फिरायचं म्हणजे ट्रो-ट्रो. आपल्याकडच्या वडापची सख्खी बहीणच. जुनी मिनीबस, सीट भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हरच्या जोडीला पोरगा असतो, त्याला 'मेट' म्हणतात. आपला किन्नर! तो दारातून बाहेर लटकून "सर्क-सर्क-सर्क" असं ओरडत असतो. म्हणजे गाडी सर्कलला, क्वामे एन्क्रुमा चौकाकडे चालली आहे. आवाज पोहोचत नसेल तर तो बोट गोल फिरवून दाखवतो. पैसे मेटकडे द्यायचे आणि उतरायचं असेल तेव्हा मोठ्याने म्हणायचं, "मेट, बस स्टॉप!"

गाडी भरल्यावरच निघते, म्हणजे टाइमटेबल नावाचा प्रकार नाही. म्हणून लांब जायचं असेल तर शनिवारी उजाडताच स्टँड गाठा. केप कोस्टच्या गाड्या कानेशी स्टँडवरून सुटतात. सुट्टे पैसे आदल्या दिवशीच करून ठेवा.

शनिवारी वाटेत एक गोष्ट हमखास दिसते. काळ्या-लाल कपड्यांतली माणसं घोळक्याने चाललेली, कुठे मांडव, कुठे लाउडस्पीकर. लग्न समजू नका, ते अंत्यसंस्कार असतात. घानात ते बहुतेक शनिवारी करतात, लांबलांबून नातेवाईक येतात आणि माणूस वय होऊन गेला असेल तर वाजतगाजत निरोप देतात. तिथे मोबाइल काढून शूटिंग करू नका, एवढंच.

किती दिवस, कुठे?

दोन दिवस हातात असतील तर केप कोस्ट. अक्राहून पश्चिमेला साधारण दीडशे किलोमीटर. तिथून काकुमचं जंगल जवळ आहे. तिथे झाडांच्या शेंड्यांमधून दोरांवर टांगलेले सात पूल आहेत, सगळे मिळून साधारण ३५० मीटर लांब, आणि काही ठिकाणी जमीन चाळीस मीटर खाली. पाय लटपटतात, पण पावसाळी जंगल वरून कसं दिसतं ते तिथेच कळतं.

तीन दिवस असतील तर पूर्वेला व्होल्टा भागात जा. टोगोच्या हद्दीला लागून व्लीचा धबधबा आहे. गावातून जंगलातली पायवाट धरायची, छोटे छोटे पूल ओलांडायचे आणि समोर अख्खा कडा कोसळताना दिसतो. कड्यावर हजारो वटवाघळं लटकलेली. वाटेत अकोसोंबोचं धरण पाहता येतं. ते १९६५ साली पूर्ण झालं आणि त्यामुळे तयार झालेला व्होल्टा तलाव पसाऱ्याने जगातल्या सगळ्यांत मोठ्या मानवनिर्मित तलावांपैकी एक आहे.

हत्ती बघायचेत? मग उत्तरेला मोले नॅशनल पार्क. पण ते इतकं लांब आहे की दोन दिवसांत जाऊन येण्याचा हट्ट करू नका. सेमिस्टरच्या सुट्टीसाठी राखून ठेवा.

घरच्यांना सांगायच्या चार गोष्टी

एक, यलो फीवरची लस. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची आणि त्याचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. घानात शिरताना लागतं आणि भारतात परतताना तर नक्कीच लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना विचारून घ्या.

दोन, समुद्र. किनारा दिसायला कोकणासारखा, माड वगैरे सगळं. पण पाण्याला आत खेचणारी ओढ जबरदस्त आहे. स्थानिक पोरं जिथे उतरत नाहीत, तिथे आपणही उतरायचं नाही.

तीन, डावा हात. पैसे देताना, वस्तू घेताना उजवाच हात पुढे. हे आपल्याला घरूनच शिकवलेलं असतं, तिथे उपयोगी पडतं. आणि दुकानात गेल्यावर आधी नमस्कार, मग भाव. थेट "हे कितीला?" विचारलं की माणूस नाराज होतो.

चार, शाकाहारी मंडळींसाठी. 'वाचे' म्हणजे भात आणि चवळी. 'रेड-रेड' म्हणजे लाल पाम तेलातली चवळी आणि सोबत तळलेली पिकी केळी. पोट भरतं. पण वर घालतात ती काळी तिखट चटणी, 'शिटो', तिच्यात सुकट असते. आधीच सांगा.

आता तो वेगळा वीकेंड

केप कोस्टला सगळे जातात ते तिथल्या किल्ल्यासाठी. पांढराशुभ्र, समोर निळा समुद्र, तोफा ओळीने मांडलेल्या. फोटो झकास येतो. पण हा किल्ला म्हणजे माणसं साठवायचं गोदाम होतं. तळात अंधारकोठड्या, उंचावर एखादा झरोका. पकडून आणलेली माणसं तिथे आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवायची आणि जहाज आलं की एका अरुंद दारातून बाहेर काढायची. त्याला 'न परतण्याचा दरवाजा' म्हणतात. पुरुषांच्या कोठडीच्या बरोब्बर वर चर्च होतं. वर प्रार्थना, खाली साखळदंड.

आमच्या गाइडने कोठडीत एक मिनिट दिवा बंद केला. त्या एका मिनिटात कुणी काही बोललं नाही.

तिथून थोड्याच अंतरावर एल्मिना. तिथला किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधला. तारीख लक्षात घ्या. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये, गोवा घेतलं १५१० मध्ये. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर येण्याआधी ते इथे सोन्याच्या व्यापारासाठी बसले होते. नंतर १६३७ मध्ये डचांनी हा किल्ला घेतला आणि १८७२ मध्ये तो इंग्रजांकडे गेला.

"हे सगळं युरोपवाल्यांनी केलं, आपला काय संबंध?" असं वाटतं ना? मग खिशातली नोट बाहेर काढा. घानाच्या चलनाचं नाव आहे 'सेडी'. हा शब्द तिथल्या अकान भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून आला. हो, तीच कवडी! कवडीमोल, फुटकी कवडी असं आपण म्हणतो ती. पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत कवड्या पैसे म्हणून चालायच्या. आणि त्या यायच्या कुठून? मालदीवहून. हिंदी महासागरातून युरोपात, तिथून जहाजांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. माणसं विकत घेताना कवड्या मोजल्या जायच्या. सोबत कापड असायचं, आणि त्यात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेल्या सुती कापडाचा मोठा वाटा होता.

त्या विणकराला आपलं कापड कुठे जातं याची कल्पनाही नसेल. त्याला दोषी ठरवायला मी हे सांगत नाहीये. पण 'कवडीमोल' हा शब्द मी आता सहज वापरू शकत नाही. एकेकाळी कवड्यांमध्ये खरोखर माणसाची किंमत लावली जात होती.

म्हणून दोनच विनंत्या. एक, किल्ला आणि काकुम एकाच दिवशी कोंबू नका. शनिवारी किल्ला, रविवारी जंगल. अंधारकोठडीतून निघून तासाभरात झुलत्या पुलावर किंचाळायला मन तयार होत नाही. दोन, तुमच्या ग्रुपमध्ये अमेरिकेतून किंवा कॅरिबियनमधून आलेली कृष्णवर्णीय माणसं असतील. आपण सहलीला आलेलो असतो, ती पूर्वजांना भेटायला आलेली असतात. कुणी रडेल, कुणी फुलं ठेवेल. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवा आणि पुढे जायची घाई करू नका.

त्या दरवाजातून बाहेर आलात की समोर काय दिसतं माहितीये? रंगीत होड्या, वाळत घातलेली जाळी, फुटबॉल खेळणारी पोरं. आणि मागे वळून पाहिलंत तर त्याच दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला पाटी आहे: 'परतीचा दरवाजा'. १९९८ साली अमेरिका आणि जमैकातून दोन गुलामांचे अवशेष आणून याच दारातून पुन्हा आत नेले गेले. ज्या दारातून कुणी परत येणार नव्हतं, त्यातून ते दोघं आपल्या मातीत परत आले.

तर मंडळी, घाना किंवा आफ्रिकेतल्या कुठल्याही देशात शिकायला जायचा विचार असेल, तर तुमचे प्रश्न पाठवा. व्हिसा, हॉस्टेल, खर्च, काहीही चालेल. निवडक प्रश्न घेऊन पुढच्या भागात बोलू. तोपर्यंत घानातल्या ट्वी भाषेत 'मेदासे', म्हणजे धन्यवाद!