मला बेजार झालंय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर जतचं. दोन्हीकडे मराठीच. त्यामुळे १९८१ साली लग्न होऊन जतला आले तेव्हा भाषेची अडचण येईल असं मनातही नव्हतं. जत हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा, कर्नाटकाला लागून असलेला तालुका. संख, उमदीकडे गेलात तर बाजारात कन्नडच जास्त कानावर पडतं. माझ्या सासूबाईंचं माहेर तर अथणीचं, म्हणजे सीमेपलीकडचंच. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणत, मीही म्हणू लागले. अव्वा माझ्याशी मराठीच बोलायच्या, पण ते मराठी कन्नडच्या वळणानं जायचं.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. दिवेलागणीला अव्वा उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी चहा नेऊन दिला तर म्हणाल्या, "मला बेजार झालंय गं."

मी आत गेले आणि पदरानं डोळे पुसले. साताऱ्याला आमची आई हा शब्द एकाच प्रसंगी वापरायची. आम्ही भावंडांनी दंगा घातला की, "बेजार केलंत रे मला!" तेव्हा अव्वा मला विटल्या, असाच मी अर्थ घेतला. त्यानंतर त्या जेव्हा जेव्हा 'बेजार' म्हणायच्या, तेव्हा मी कामाला दुप्पट जुंपून घ्यायची आणि त्यांच्यासमोर कमीत कमी यायची. त्यांना बिचाऱ्यांना हवं होतं ते नेमकं उलट, दोन घटका कुणी शेजारी बसावं एवढंच.

हा शब्द मूळचा फारसी. तिथे त्याचा अर्थ विटलेला, नकोसं झालेला. आजही इराणमध्ये एखाद्याला 'मी तुझ्यापासून बेजार आहे' अशा अर्थाचं वाक्य ऐकवलं तर ते 'मला तुझा तिटकारा आहे' असंच समजलं जातं. उर्दूत माणूस जगण्याला बेजार होतो. आपल्या मराठीत त्याची धार थोडी बोथट झाली. माणूस तापानं, कर्जानं, पाहुण्यांनी बेजार होतो, म्हणजे जेरीला येतो. आणि कन्नडमध्ये हाच शब्द कंटाळा, खिन्नता, मनाला लागलेली रुखरुख अशा अर्थांनी घरोघरी बोलला जातो. तिथे समजूत काढतानासुद्धा 'बेजार करून घेऊ नका' असंच म्हणतात. कन्नडमध्ये कंटाळा आणि खंत या दोन्हींसाठी 'बेसर' असाही शब्द आहे. उच्चारानं जवळचा असल्यामुळे त्याच्या सहवासात फारसी पाहुणा मवाळ झाला असावा, असा माझा आपला तर्क.

गंमत अशी की माझ्या माहेरी आणि सासरी हा शब्द बहुधा एकाच दरबारातून आला. साताऱ्याचा किल्ला १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला तो विजापूरकरांकडून. जतच्या डफळ्यांचं घराणंही आदिलशाहीतलंच. महाराजांनी पुढे रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण तो कोश कचेरीचा होता. उंबऱ्याशी बसून बाईमाणूस जे बोलतं तिथवर त्याचा हात पोचायचा नव्हता.

माझी फसगत मात्र नुसत्या अर्थानं झाली नाही, व्याकरणानंही झाली. मराठीत 'मी बेजार झाले' म्हणतात. कुणामुळे, कशामुळे, हा प्रश्न त्या वाक्याच्या मागे उभाच असतो. अव्वा म्हणायच्या 'मला बेजार झालंय'. कन्नडमधलं 'ननग बेजार आगेती' त्यांनी तसंच्या तसं मराठीत आणलं होतं. तिथे बेजार हे नाम आहे. जशी आपल्याला भूक लागते, सर्दी होते, तसं बेजार होतं. त्यात कुणावर ठपका नाही. मी त्या 'मला'कडे लक्षच दिलं नाही. मराठी चुकतंय एवढंच वाटलं.

१९८२ च्या पावसाळ्यात मामंजी गेले. अव्वांचं जेवण सुटलं, झोप गेली. ह्यांची नोकरी तेव्हा परगावी, म्हणून मीच त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. अव्वा दुखण्याबिखण्यात मराठी विसरायच्या, त्या कन्नडमध्ये बोलल्या. मला समजला तो एकच शब्द, आणि मी मोठ्या आत्मविश्वासानं भाषांतर केलं, "थकवा आलाय म्हणतात, कामानं जेरीला आल्यात." डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. दोष त्यांचा नव्हे. मी जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं.

महिन्याभरानं परत गेलो तेव्हा अव्वांचा दंड माझ्या मुठीत मावत होता. त्या दिवशी तपासणीच्या खोलीत एक नर्सबाई होत्या, अथणीकडच्याच. त्यांनी अव्वांचा हात धरला आणि विचारलं, "याक बेजार माडकोंडीरी अव्वा?" कशाला बेजार करून घेतलंत? अव्वा पंधरा-वीस मिनिटं रडत होत्या. मामंजींच्या जाण्यानंतर मी त्यांना असं रडताना पाहिलंच नव्हतं. नर्सबाईंनी डॉक्टरांना जे सांगितलं त्यात थकवा हा शब्द नव्हता. औषध बदललं. दिवाळीपर्यंत अव्वा पुन्हा भाकरी थापायला बसू लागल्या.

तेव्हापासून दुःखाच्या शब्दांकडे मी जरा संशयानंच बघते. 'दिलगीर'च घ्या. फारसीत दुःखी, जुन्या मराठीतही दुःखी. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही तोच अर्थ. आज मात्र पाणीपुरवठा बंद ठेवणारेही दिलगीर असतात आणि त्यात दुःख औषधालाही नसतं. 'उदास' संतांच्या लेखी अलिप्त होता, आपल्या लेखी तो खिडकीत बसून असतो. 'खिन्नता' कन्नडमध्ये डिप्रेशनसाठी चालते. आपण त्या जागी 'नैराश्य' म्हणतो आणि खिन्न होतो ते कादंबरीत. पण दवाखान्यातल्या तक्त्यावर 'नैराश्य' वाचून, हे मला झालंय, असं म्हणणारी बाई मी अजून पाहिली नाही. साताऱ्याकडची म्हणेल, 'करमत नाही', 'अन्न गोड लागत नाही', 'जीव कशात लागत नाही'. जतकडची म्हणेल बेजार. तपासणाऱ्यानं कान द्यायचा तो इथे.

अव्वा २००४ साली गेल्या. नंतरच्या दिवाळीत साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला, कशी आहेस म्हणून. मी म्हटलं, "मला बेजार झालंय गं."

ती म्हणाली, "कुणी केलं?"