रक्त पडतंय, पण सांगायचं कुणाला?

केसपेपर काढणारी मुलगी ‘काय त्रास होतोय?’ असं विचारते आणि रांगेतला माणूस एकदम गप्प होतो. मागे कोण उभं आहे ते बघतो, मग काउंटरवर वाकून हळूच सांगतो, ‘संडासच्या जागी.’ मुलगी कागदावर ‘मूळव्याध’ लिहून पुढच्याला हाक मारते. सर्जन म्हणून माझं निम्मं काम या एका शब्दापासून सुरू होतं.

एका पावसाळ्यात आलेल्या बाईंनी तेवढंही सांगितलं नव्हतं. मजुरीला जाणाऱ्या, वय चाळिशीचं. चार पावलं चाललं की धाप लागते, ही त्यांची तक्रार. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढराफटक. हिमोग्लोबिन ५. रक्तवाढीच्या गोळ्या वर्षभर चालू होत्या, पण रक्त जातंय कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरांनी आडोशाला नेऊन विचारलं तेव्हा कळलं, की तीन वर्षांपासून शौचाला बसलं की रक्ताची धार लागते. ‘दुखत नाही ना, म्हणून अंगावर काढलं,’ त्या म्हणाल्या.

चार सेंटिमीटरची वाट

दुखत का नाही, याचं उत्तर शरीराच्या रचनेत आहे. गुदद्वारातून आत जाणारी वाट जेमतेम चार सेंटिमीटर लांब. तिच्या मध्यावर एक दातेरी रेघ असते. रेघेच्या वरच्या भागाला आतड्याच्या नसा, तिथे चिमटा काढला तरी कळत नाही. खालच्या भागाला त्वचेच्या नसा, तो बोटाच्या टोकाइतका हळवा. आजार रेघेच्या कोणत्या बाजूला आहे, यावर दुखणं ठरतं.

म्हणूनच सरसकट ‘मूळव्याध’ म्हणण्यानं घोटाळा होतो. न दुखता लालभडक रक्त पडतं, ती बहुतेकदा मूळव्याध. शौचाच्या वेळी काच फिरवल्यासारखं कापतं आणि नंतर तासभर आग होते, ती चीर, म्हणजे फिशर. जागा सुजते, ठणकते, ताप येतो, ते गळू. ते फुटून महिनोन्महिने पू झिरपत राहतो, ते भगंदर. या चौघांचे उपचार वेगवेगळे, आणि एकाचं मलम दुसऱ्याला लावून काहीच साधत नाही.

कोंब आणि रबराचं कडं

मूळव्याध बाहेरून येत नाही. प्रत्येकाच्याच गुदमार्गात रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या असतात. नळाच्या वॉशरसारखं त्यांचं काम, दार घट्ट बंद ठेवणं. वर्षानुवर्षं कुंथल्यानं, बद्धकोष्ठानं, गरोदरपणात पोटातला दाब वाढल्यानं या गाद्या फुगतात आणि खाली सरकतात. त्यांनाच आपण मोड किंवा कोंब म्हणतो. पहिल्या पायरीवर ते आतच असतात, फक्त रक्त पडतं. दुसरीत शौचाच्या वेळी बाहेर येऊन आपोआप आत जातात, तिसरीत बोटानं ढकलावे लागतात, चौथीत बाहेरच राहतात.

पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. पालेभाजी, ज्वारीची भाकरी, पेरू, भरपूर पाणी, रात्री इसबगोल आणि संडासात मोबाइल न नेणं, एवढ्यानं पुष्कळांचा त्रास आटोक्यात येतो. तरी रक्त थांबलं नाही, तर कोंबाच्या मुळाशी रबराचं छोटं कडं बसवतात. कडं दातेरी रेघेच्या वर बसतं, म्हणून भूल लागत नाही. रक्तपुरवठा तुटलेला कोंब आठवडाभरात गळून पडतो. ही पद्धत १९६३पासून वापरात आहे आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो.

मोठे, सतत बाहेर राहणारे कोंब कापून काढावे लागतात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या मिलिगन आणि मॉर्गन या सर्जननी १९३७मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. पहिले आठ-दहा दिवस दुखतं, हे मी रुग्णाला आधीच सांगतो. स्टेपलर आणि लेझरनं दुखणं कमी होतं आणि योग्य रुग्णात त्यांचा उपयोग आहेच. पण मोठ्या कोंबांत कापून काढण्याइतका टिकाऊ इलाज अजून दुसरा नाही. भिंतीवरच्या जाहिरातीत हे वाक्य कधी नसतं.

चीर आणि भीतीचं चक्र

फिशरची जखम नखाएवढी, पण रुग्ण रडकुंडीला येतो. कडक शौचानं रेघेखालची हळवी त्वचा फाटते, बहुधा मागच्या बाजूला. दुखल्यामुळे आतल्या स्नायूचं वलय आवळून बसतं. आवळलेल्या स्नायूतून रक्त नीट पोहोचत नाही, म्हणून जखम भरत नाही. माणूस भीतीनं शौच रोखून धरतो, ते आणखी कडक होतं आणि दुसऱ्या दिवशी जखम पुन्हा फाटते. बाळंतिणी आणि लहान मुलं या चक्रात हमखास सापडतात.

इलाज चक्र तोडण्याचा आहे. शौच मऊ ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा टबात कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं आणि स्नायू सैल करणारं मलम लावायचं. ताजी चीर बहुतेकदा यानंच भरते. सहा-आठ आठवडे उलटूनही भरली नाही, तर आतल्या स्नायूला छोटासा छेद देतात. ऑपरेशन काही मिनिटांचं आणि बरेच रुग्ण त्याच रात्री शांत झोपतात. पण छेद जास्त गेला तर गॅस रोखण्याची ताकद कमी होऊ शकते, म्हणून ते जाणत्या हातानंच व्हावं.

आघाड्याचा दोरा

भगंदराचा उगम गुदमार्गातल्या बारीक ग्रंथींत. ग्रंथीत जंतू शिरले की गळू होतं. त्यावर नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पुरत नाहीत, पू बाहेर काढावाच लागतो. त्यानंतरही अनेकांत आतून बाहेरपर्यंत एक बोगदा उरतो. तो किती स्नायूतून जातो, हे गुंतागुंतीच्या रुग्णात एमआरआयवर पाहून मगच पद्धत ठरते. उथळ बोगदा उघडून टाकता येतो. खोल बोगदा तसा उघडला तर शौचावरचा ताबाच जाण्याची भीती.

सुश्रुतानं अर्श, म्हणजे मूळव्याध, आणि भगंदर हे दोन्ही बरे व्हायला अवघड अशा आठ महागदांत मोजले आहेत. त्याच्या संहितेतली क्षारसूत्राची, म्हणजे क्षार चढवलेल्या दोऱ्याची, कल्पना बनारस हिंदू विद्यापीठातल्या वैद्यांनी १९६०च्या दशकात पुन्हा उभी केली. दोऱ्यावर एकूण २१ पुटं चढवतात. ११ नुसत्या निवडुंगाच्या चिकाची, ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराची, ३ चीक आणि हळदीची. हा आघाडा म्हणजे गणपतीच्या पत्रीत आपण वाहतो तोच. दोरा बोगद्यातून ओवून बांधतात आणि आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागची जखम भरत येते, म्हणून स्नायू एकदम तुटत नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं त्याची ऑपरेशनशी रीतसर तुलना केली आणि १९९१मध्ये निष्कर्ष छापले. क्षारसूत्रानं जखम भरायला आठ आठवडे लागले, ऑपरेशननं चार. पण वर्षभरात भगंदर पुन्हा झालं ते क्षारसूत्रात ४ टक्के, ऑपरेशनमध्ये ११ टक्के रुग्णांत. मी आधुनिक शास्त्राचा सर्जन आहे आणि योग्य रुग्णाला क्षारसूत्राकडे आनंदानं पाठवतो. पण पाठवतो ते प्रशिक्षित वैद्याकडे. ‘एका इंजेक्शनात मूळव्याध गळवतो’ म्हणणाऱ्यांच्या हातून जागा जळून, आक्रसून, वाट करंगळीएवढी उरलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ते दुरुस्त करणं मूळ आजारापेक्षा कठीण.

बोटाची तपासणी

मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही. पण गुदाशयाचा कॅन्सर मूळव्याधीच्या नावाखाली लपून राहतो, आणि आपल्याकडे तो तिशी-चाळिशीतही दिसतो. शौचात मिसळलेलं रक्त, चिकट आव, शौचाच्या सवयीत झालेला बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना, घटतं वजन यांतलं काहीही दिसलं तर मलमाची ट्यूब आणून थांबू नये.

तपासणी साधी आहे. रुग्ण डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपतो, डॉक्टर हातमोजा आणि जेली लावून बोटानं आत चाचपतात. दोन मिनिटांचं काम. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ त्या बोटाला लागते. फिशरनं फारच दुखत असेल तर तपासणी पुढे ढकलता येते किंवा भूल देऊन करता येते. बाईंना सोबत सिस्टर हवी असेल तर ती मागणं हा त्यांचा हक्क आहे. आणि जो डॉक्टर न तपासता ऑपरेशनची तारीख देतो, त्याला ‘आधी तपासा’ म्हणणं हाही हक्कच.

त्या बाईंना रक्ताच्या दोन बाटल्या दिल्या, दुर्बिणीनं मोठं आतडं तपासून दुसरं काही नाही याची खात्री केली आणि तिसऱ्या पायरीवरचे कोंब काढले. तीन महिन्यांनी त्या पुन्हा दिसल्या, या वेळी धाकट्या जावेला घेऊन. जाऊ पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होती. काउंटरवरच्या मुलीनं नेहमीचा प्रश्न विचारला. बाईंनी मागच्या रांगेकडे वळूनही पाहिलं नाही. खणखणीत आवाजात सांगितलं, ‘हिला संडासच्या जागी रक्त पडतंय. मूळव्याध आत्ताच लिहू नका. आधी तपासायचंय.’