एकच चित्र, निरनिराळी दाद

जळगावहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याला खान्देशातली कुटुंबं हौसेने जातात. लेणी क्र. १ मधल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या झुकलेल्या नजरेपुढे एखादा खिळून राहतो. दुसऱ्याचा पाय क्र. १६ मधून निघत नाही. तिथे बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याने संन्यास घेतल्याचं कळून त्याची पत्नी सुंदरी कोसळते आहे: मान कललेली, डोळे मिटत आलेले, मागून दासी सावरते आहे. घरात असा आघात सोसलेल्याला हे चित्र अधिक भिडू शकतं.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना चित्रं दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. कोणतं चित्र भावलं यावर तिथेही एकमत फारसं झालं नाही. मात्र ज्याला जे अगदी आतून भिडलं, ते पाहताना मेंदूतलं एक खास जाळं सक्रिय दिसलं. आपण स्वतःविषयी विचार करतो, जुनं आठवतो, तेव्हा हेच जाळं काम करत असतं.

सवय आणि जाण यांनीही आवड घडते. कथा कळली, रेषेचा डौल ओळखता आला, की आधी कोरडं वाटलेलं चित्र आवडू लागतं. म्हणून मुलांना अजिंठ्याला न्याल तेव्हा चांगलं-वाईट आधीच ठरवून देऊ नका. कथा सांगा, निवांत पाहू द्या आणि त्यांची आवड त्यांनाच शोधू द्या.