पाणी उतरलेली पटाशी

पुण्याच्या बोहरी आळीत गोल पटाशी मागितली की दुकानदार विचारतो, "लेथची की नक्षीची?" पहिल्यांदा गेलो तेव्हा मला यातला फरक ठाऊक नव्हता. 'नक्षीची' हा शब्द कानाला बरा वाटला म्हणून तेच म्हणालो आणि बारा नगांचा संच काखोटीला मारून घरी आलो. त्यातल्या आठ पटाश्या आजही पेटीत आहेत. तेल पुसलेल्या, कोऱ्या.

संच घेणं ही नवख्याची हमखास चूक. गोल पटाशीची धार म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा. तो केवढा, हे पात्यावरचा आकडा सांगतो. एकोणिसाव्या शतकात शेफिल्डच्या हत्यारवाल्यांनी रूढ केलेली ही पद्धत आजही चालते: 3 नंबर जवळजवळ सपाट, 9 म्हणजे अर्धवर्तुळ, 11 म्हणजे खोल पन्हळ. स्विस पटाश्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात. दुसरा आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. नंबर तोच ठेवून रुंदी वाढवली की वर्तुळही मोठं होतं. 9 नंबरची पटाशी समोरासमोर दोनदा दाबली की पूर्ण गोल उमटतो. हे एकदा कागदावर करून बघितलं की दुकानातल्या भिंतीभर पटाश्यांची भीती जाते.

संच का नको, ते मला विश्रामबागवाड्यात कळलं. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याच्या दर्शनी भागात सुरूच्या घाटाचे खांब आणि वर लाकडी केळफुलं आहेत. खाली उभा राहून मी मान मोडेपर्यंत एकेक पाकळी बघितली. वळणं मोजकीच, तीच पुन्हापुन्हा आलेली. घरी येऊन पेटीतून चारच काढल्या: लाकूड उडवायला 7 नंबरची 14 मिलिमीटर, पृष्ठभाग सारखा करायला 3 नंबरची रुंद, पाकळीच्या कडेला 5 नंबरची आणि शिरांसाठी 11 नंबरची अगदी बारीक. व्ही-पटाशीचा मोह सगळ्यांना होतो, पण तिला धार लावणं म्हणजे दोन सपाट पटाश्या आणि त्यांच्या सांध्यातली एक इवलीशी गोल पटाशी, अशा तिघींना एकदम धार लावणं. तिला वर्षभर थांबवलेलं बरं.

आणि लाकूड? सागवान नको. त्यात वाळूचाच घटक, सिलिका असते. धार बघता बघता बसते. शिवण घ्यावं: मऊ, एकसारखं आणि फारसं न वाकणारं.

धारेचं शिक्षण मात्र मी पैसे मोजून घेतलं. दुकानातून येते ती पटाशीच्या आकाराची पोलादाची पट्टी; धार आपण काढायची. मी ती ग्राइंडरवर धरली. मिनिटाला 2,800 फेरे घेणारा तो दगड, ठिणग्यांचा सुंदर फवारा आणि दहा सेकंदांत टोकाला मोरपिसासारखी निळी छटा. मला वाटलं, छान रंग आला. शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रींना दाखवली.

"साहेब, पाणी उतरलं की हिचं."

साधं कार्बन पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं आणि त्याचा कडकपणा जातो. मग कितीही घासा, धार दुमडते. "निळं तेवढं घासून टाका," मिस्त्री म्हणाले, "आणि दर खेपेला पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसायच्या आधी." चार मिलिमीटर पोलाद गेलं. तेव्हापासून ग्राइंडरवर कापड झाकलेलं आहे.

आता काचेवर चिकटवलेला वॉटर पेपर वापरतो: 400, 800, 1200, शेवटी 2000. ऑइल स्टोन चांगलाच, पण गोल पटाशी त्यात चर पाडते आणि मग दगडच सपाट करत बसावं लागतं. पात्याच्या पाठीचा उतार 20 ते 25 अंशांचा ठेवायचा. मोगरीने ठोकायची असेल तर थोडा जास्त. उतार कागदावर पूर्ण टेकवून मनगट एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत फिरवायचं. कोपऱ्यावर एक क्षण जास्त रेंगाळलं की कोपरा गोल होतो, आणि कोपरा गेलेली पटाशी पाकळीच्या टोकाशी लाकूड फाडते. आतल्या बाजूला नखाला खरखर लागली की समजायचं, पोलाद धारेपर्यंत घासलं गेलं. ती खरखर काढायला पेन्सिलीला गुंडाळलेला 2000 नंबरचा कागद पुरतो.

शेवटचा हात चामड्याच्या पट्ट्यावर, न्हावी वस्तऱ्याला देतो तसा. त्याहून मजेदार युक्ती अशी: शिवणीच्या तुकड्यात त्याच पटाशीने एक लांब पन्हळ कोरायची आणि तीत बफिंगची हिरवी वडी घासायची. आपल्याच वळणाचा साचा पटाशीने स्वतः कोरलेला असतो. त्यात ती मागे मागे ओढायची, पुढे कधीच नाही. कामात दर वीसेक मिनिटांनी असं दहा वेळा केलं तर कागदाशी आठवडाभर गाठ पडत नाही.

झाली का धार? केस कापून बघणारे असतात; मी धार दिव्याखाली धरतो. बोथट धार चमकते, पांढऱ्या रेघेसारखी दिसते. लागलेली धार दिसतच नाही. मग शिवणीच्या तुकड्यावर रेषांना आडवा एक काप. काल रात्री तो काप काचेसारखा तुकतुकीत आला, फक्त मधोमध केसाएवढी एक फिकट रेघ. म्हणजे धारेत तिथे एक खाच उरली होती. साडेअकरा वाजले होते. 800चा कागद पुन्हा ओला केला.