हरवलेला शेवटचा दाणा

लहानपणी आजोबांनी माझ्याकडून पावकी-निमकी घोकून घेतली. दुप्पट आणि निम्मे ही दोनच कामे संगणक आतल्या आत किती सहज करतो, हे कळायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची कथा सर्वांनाच ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट. ६४ घरांची बेरीज २च्या ६४व्या घातीहून एकाने कमी भरते. ती मी 'जे' या भाषेत करून पाहिली. उत्तर आले ते अंदाजी, दशांश चिन्हाचे. मग २ची ६४वी घात आणि तिच्यातून एक वजा केलेली संख्या समान आहेत का, असे विचारले. यंत्र म्हणाले, होय! एक दाणा हरवला होता.

'जे' ही केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी १९९० साली आणलेली भाषा. हार्वर्डमध्ये शिकवताना आयव्हर्सनने गणितासाठी एक चिन्हलिपी रचली आणि १९६२ साली ती पुस्तकरूपाने मांडली. तिच्यातूनच 'एपीएल' ही भाषा आली. 'जे' ही तिचीच वारस. या घराण्यात एकेकटी संख्या हाताळण्यापेक्षा संख्यांच्या रांगा एकदम हाताळण्यावर भर असतो.

संगणकाच्या पोटात ५ म्हणजे १०१. हे अंक तीन घरे डावीकडे सरकवून उजवीकडे तीन शून्ये भरली की १०१००० होते, म्हणजे ४०. एक घर डावीकडे म्हणजे दुप्पट. एक घर उजवीकडे म्हणजे निम्मे, शेवटचा अंक गळून: १३ म्हणजे ११०१, त्याचे ११० होते, म्हणजे ६.

पण यंत्राच्या एका शब्दात घरे ६४च. सरकवताना डावीकडून बाहेर पडलेला अंक परत येत नाही. आणि दशांश चिन्हाच्या संख्येत अचूकतेसाठी ५३च अंक असतात. त्यामुळे २च्या ६४व्या घातीच्या लगेच खाली तिथे लिहिता येणारी संख्या २०४८ने लहान असते. माझा एक दाणा त्या दरीत पडला होता.

उपाय सोपा निघाला. २ या अंकाला 'एक्स' हे अक्षर चिकटवले की 'जे' त्याला विस्तारित पूर्णांक मानते आणि लागतील तेवढी घरे देते. मग सरकवणे हा वेगळा प्रकार उरतच नाही. डावीकडे सरकवायचे तर २च्या घातीने गुणा. उजवीकडे सरकवायचे तर भागा आणि खालचा पूर्णांक घ्या. २च्या घातांची रांगच दिली, तर सगळी उत्तरे एकदम मिळतात: ५, १०, २०, ४०, ८०.

धन संख्येसाठी आणखी एक वाट आहे. संख्येची अंकांची रांग करा, शेवटी शून्ये जोडा किंवा शेवटचे अंक काढा, आणि पुन्हा संख्या बनवा. ऋण संख्येला ही वाट चालत नाही, तिथे भागाकारच बरा. तिथेही सावध राहावे लागते: उणे ५चे निम्मे करून खालचा पूर्णांक घेतला तर उणे ३ येतात, नुसता अपूर्णांक छाटला तर उणे २. यंत्रातील चिन्ह राखणारे सरकवणेही उणे ३च देते, म्हणून खालचाच घ्यावा.

पुन्हा बेरीज केली. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. तिची रांग मांडली, तर ओळीने ६४ एक! पटाच्या प्रत्येक घराला एक. त्यात एक मिळवला की सगळ्यांची शून्ये होतात आणि पुढे नवा एक उभा राहतो.

आयव्हर्सनने १९७९ साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात चिन्हलिपीला विचाराचे साधन म्हटले होते. त्याचा अर्थ मला या एका अक्षराने शिकवला. अंदाजी उत्तराने व्यवहार बहुधा भागतो, पण यंत्र आपला अंदाज नेमक्या उत्तराच्याच ठाम स्वरात सांगते. ते अक्षर लिहायचे की नाही, हे ठरवणे आपल्याकडे राहते. आजोबा हिशेबात पै सोडत नसत. मीही आता दाणा सोडत नाही.